हो, ती मीच

त्या दिवशी दुपारी हर्षा सेंटरवर गेली ती एवढ्याशा कामासाठी, की कौशल्याबाईंचं खातं बंद करून टाकायचं आणि मयुरी झोपेतून उठायच्या आत घरी परतायचं. सेंटर तरी कुठे लांब होतं! आंजी (मोठी) गावात, आर्वी रोडला लागून सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. सासरे गेल्यावर ते बंद पडलं आणि त्याच खोलीत हर्षाने कॉम्प्युटर, प्रिंटर आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून ऑनलाईन सेंटर उघडलं. मागच्या दारातून बाहेर पडलं की अंगण आणि अंगणापलीकडे घर. नवरा गजेंद्र नागपूरला नोकरीत, शनिवारी यायचा. बाकीचे दिवस घरात सासू मंदाबाई, चार वर्षांची मयुरी आणि हर्षा.

अर्ध्या आंजीची खाती हर्षाने उघडून दिली होती. पीकविमा म्हणा, लेकीचं ॲडमिशन म्हणा, आधी ईमेल लागतो आणि ईमेलला पासवर्ड लागतो. पासवर्ड म्हटलं की आपली माणसं हात जोडतात. "तूच ठेव वं तुह्यापाशी, मले कुठी याद राह्यते!" मग पासवर्ड हर्षाच ठरवायची, सेंटरच्या ब्राउझरमध्ये तीच जतन करून ठेवायची, आणि कंपनीला खात्रीसाठी मोबाईल नंबर हवा असला की तिथेही ती आपलाच नंबर टाकून मोकळी व्हायची. कोणाचंही खातं कुठेही उघडलं की विचारणा यायची हर्षाच्या मोबाईलवर. खात्यात येणारी व्यक्ती तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं. 'हो, ती मीच' आणि 'नाही, ती मी नाही'.

दुसरं बटण हर्षाने कधी दाबलंच नाही. एका हाताने पोळी लाटताना, मयुरीला भरवताना, बसमध्ये दांड्याला लटकताना अंगठा आपला पहिल्या बटणावर जायचा. सकाळी ती तानबा असायची, दुपारी सदाशिवराव, संध्याकाळी गुलाबची आजी. एकदा तर अंगठ्याच्या गडबडीत सदाशिवरावांच्या घरच्या लग्नाचे फोटो गुलाबच्या मोबाईलमध्ये जाऊन बसले आणि गाव आठवडाभर हसलं. कोणाचं काही बिघडलं नाही. म्हणून सवयही मोडली नाही.

कौशल्याबाई मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. त्यांचा मुलगा स्वप्निल पुण्याला. त्याला मुलगा झाला, त्याला वर्ष होऊन गेलं, पण आजीने नातू डोळ्यांनी पाहिला नव्हता. स्वप्निल बाळाचे फोटो खात्यावर टाकायचा आणि साधा मोबाईल बाळगणाऱ्या कौशल्याबाई ते पाहायला रोज चारच्या सुमाराला सेंटरवर यायच्या. भिंतीजवळची तडकलेली खुर्ची कर्रकर्र ओढत टेबलाला भिडवायच्या आणि बसायच्या. त्यांच्याबरोबर बामाचा आणि चुलीच्या धुराचा वास यायचा. हर्षाच्या हातात कितीही काम असलं तरी ती आधी त्यांचं खातं उघडून द्यायची. तिला ती म्हातारी आवडायची.

"हे फोटो ठेवते कुठी वं तू? या डब्यात?" कौशल्याबाईंनी एकदा विचारलं.

"डब्यात नाई काकू. वर हायेत. क्लाउडात."

कौशल्याबाईंनी मान वर करून पाहिलं. पत्रे होते, पंखा होता आणि जळमटं होती.

"वर?"

"वरच समजा."

"मंग वर गेल्यावर रोज दिसतीन म्हना. तुह्याकडचे हेलपाटे तरी वाचतीन."

"दिसतीन की," हर्षा हसून म्हणाली. "पन पासवर्ड लागन तिथंबी."

"थो तं तुह्यापाशी हाये. तूच खोलून देजो."

दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा कौशल्याबाई झोपेतच गेल्या. स्वप्निल एकटाच आला. बाळाला प्रवास झेपत नाही म्हणाला. तेरावं उरकून त्याने घराला कुलूप घातलं, किल्ली मंदाबाईंकडे दिली आणि जाता जाता हर्षाला म्हणाला, "वहिनी, आईचं ते खातं बंद करून टाकाल?" हर्षा हो म्हणाली. मग फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी लोटली आणि ते काम आज-उद्या करत राहून गेलं.

आणि मग आदल्या संध्याकाळी ते झालं. हर्षा मयुरीला वरणभात भरवत होती. मांडीवरचा मोबाईल थरथरला, अंगठा सवयीने गेला, बटण दाबलं गेलं. घास मयुरीच्या तोंडात गेल्यावर हर्षाने नाव वाचलं. नाव कौशल्याबाईंचं होतं.

तिने लगेच स्वप्निलला फोन लावला.

"नाही वहिनी, मी कशाला उघडू?" तो म्हणाला. "बंद करा ना ते. मला बरं नाही वाटत."

मंदाबाई परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कोनाचं नाव आलतं?"

"कौशल्या काकूचं."

"आन् तू काय म्हनलं?"

"म्हनलं नाई आई, दाबलं फक्त. हो, ती मीच."

मंदाबाईंचे हात कणकेतच थांबले. "मेलेल्या मानसाच्या नावानं हाक आली तं कोनी ओ देते का वं, पोरी? आन् तू तं थे मीच म्हनून बसली."

"मशीन हाये ते. मशीनले काय समजते?"

मंदाबाई दाराकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुले एक सांगू? कोनाले सांगतलं नाई मी."

दहाव्याच्या रात्री, जिथे माणूस गेलं त्या जागी पीठ पसरतात, वर दिवा ठेवतात आणि टोपलं झाकून घर बंद करतात. सकाळी टोपलं उचलून जुनी माणसं पिठावर काय उमटलं ते पाहतात. पाखराचं पाऊल असतं, गाईचं खूर असतं, कधी मुंग्यांची ओळ असते. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं. कौशल्याबाईंच्या घरचं टोपलं मंदाबाईंनी उचललं होतं.

"मी पोराले सांगतलं पाखराचं पाऊल हाये म्हनून. खोटं बोलली मी."

"मंग काय होतं?"

"काईच नाई. रातच्याले जसं पसरलं तसंच. सपाट." मंदाबाईंनी कणीक पुन्हा दाबली. "कुठीच गेली नाई थे, हर्षा..."

अशा गोष्टींवर हर्षाचा विश्वास नव्हता. पण त्या रात्री तिने मोबाईल उशाशी न ठेवता कपाटात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी, मयुरी जेवून झोपल्यावर, ती सेंटरवर गेली.

शटर तिने अर्धंच उचललं, म्हणजे गिऱ्हाईक येणार नाही. लाईन गेली होती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालत होता आणि इन्व्हर्टर थांबून थांबून टीं करत होता. बाहेर आर्वीची बस थांबली, निघून गेली, आणि मग रस्त्यावर कसलाच आवाज उरला नाही. हर्षाने कौशल्याबाईंचं खातं उघडलं आणि सुरक्षेच्या पानावर गेली. या खात्यात सध्या कोणकोण आत आहे ते तिथे दिसतं. एक हा सेंटरचा कॉम्प्युटर. दुसऱ्याला नाव नव्हतं. मोबाईल की कॉम्प्युटर, कंपनी कोणती, काहीच नाही. नुसतं लिहिलं होतं, अनोळखी ब्राउझर, आंजी (मोठी), आत्ता सुरू. खाली त्याला काय काय करायची मुभा आहे ते होतं. फोटो पाहणे. फोटो बदलणे.

मुभा हर्षानेच दिली होती. वरणभात भरवता भरवता.

तिने फोटो उघडले. पुण्याचा नातू कुठेच नव्हता. पडदाभर मयुरी होती. अंगणात बसलेली, फ्रॉकवर आमरस सांडलेली, पोळ्याला लाकडी बैल ओढणारी. सगळे हर्षाच्याच मोबाईलमधले फोटो. तिने स्वतःला समजावलं की यात नवल काहीच नाही. एका ब्राउझरमध्ये दहा खाती उघडी ठेवली की एकाचं दुसऱ्यात जातंच. सदाशिवरावांच्या घरचं लग्न नव्हतं का गेलं? पण बामाचा वास येत होता आणि त्याचं तिला स्वतःला काही समजावता येईना.

कंपनीचं मशीन फोटोतले चेहरे ओळखून त्यांचे गोल करतं आणि खाली नाव लिहायला जागा देतं. मयुरीच्या गोलाखाली कोणीतरी नाव लिहिलं होतं. 'नात'. कौशल्याबाईंना सही करायलाही हाताला धरून शिकवावं लागलं होतं. दुसरा गोल हर्षाचा स्वतःचा होता. त्याखाली नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'हा चेहरा लपवला आहे'.

हर्षाने घाईघाईने मयुरीचा पहिला वाढदिवस शोधला. केक होता, मयुरी होती, मंदाबाई होत्या. मयुरीचा हात धरून केक कापणारी हर्षा ज्या फोटोंत होती ते फोटोच नव्हते. बारशाचे नव्हते. दवाखान्यात गजेंद्रने काढलेला, बाळाला पहिल्यांदा छातीशी घेतलेला फोटो नव्हता. तिने आपला मोबाईल उघडून पाहिला. तिथेही नव्हते. मयुरी सगळीकडे होती आणि मयुरीला आई कुठेच नव्हती.

आता हर्षाला भीतीपेक्षा राग आला. लेकरू माझं, फोटो माझे, आणि मलाच बाहेर काढता? तिने अनोळखी ब्राउझरवर बोट ठेवलं आणि 'प्रवेश काढून घ्या' दाबलं. ती ओळ पडद्यावरून गेली.

मागे खुर्ची कर्रकन वाजली.

हर्षाने वळून पाहिलं. तडकलेली खुर्ची भिंतीजवळ नव्हती. टेबलाला भिडलेली होती, तिच्या कोपराच्या शेजारी, आणि रिकामी होती. हातातला मोबाईल थरथरला. कौशल्या. तुम्हीच आहात का? हर्षाने आयुष्यात पहिल्यांदा दुसरं बटण दाबलं. नाही, ती मी नाही. मोबाईल पुन्हा थरथरला. नाही. पुन्हा थरथरला. नाही. मग विचारणा इतक्या भराभर येऊ लागल्या की बोट कुठे पडतंय ते तिला कळेना.

"काकू..." ती पुटपुटली. "काकू, तुमचा नातू पुन्याले हाये. ही माही हाये... माही पोट्टी हाये..."

मोबाईल शांत झाला. इन्व्हर्टरही बंद पडल्यासारखा गप्प झाला, पण पडदा चालूच होता. वास मात्र आता अगदी जवळ आला होता. कोणीतरी वाकून आपल्या खांद्यावरून फोटो पाहत आहे असं हर्षाला वाटलं, आणि मान वळवायची तिची हिंमत झाली नाही.

एकच इलाज उरला होता. कौशल्याबाईंचं खातं, आपलं खातं, दोन्हीकडून सगळ्यांनाच बाहेर काढायचं, प्रत्येक ब्राउझर, प्रत्येक मोबाईल, आणि मग आपण एकटीनेच परत आत शिरायचं. हर्षाने तेच केलं. 'सगळीकडून बाहेर काढा'. मशीनने विचारलं, नक्की? नक्की, हर्षाने सांगितलं. पडदा पांढरा झाला. फोटो गेले, मयुरी गेली. तिने आपलं नाव घातलं, आपला पासवर्ड घातला. तो तिला झोपेतही आठवला असता.

पडद्यावर अक्षरं आली. 'तुम्ही हर्षा आहात याची खात्री करत आहोत. हर्षा यांच्या मोबाईलवर सूचना पाठवली आहे.'

हर्षाने हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. त्यावर काहीच आलं नव्हतं. नेटवर्क होतं, बॅटरी होती. सूचना दुसरीकडेच गेली होती. पडद्यावर गोल फिरत राहिला. कोणीतरी कुठेतरी ती वाचत होतं, सावकाश, अक्षर अक्षर लावत. सही करायला शिकवताना लागला होता तसाच वेळ लागत होता.

मग गोल थांबला. 'हर्षा यांनी कळवलं आहे की ही व्यक्ती त्या नाहीत. प्रवेश नाकारला आहे.'

काल आपल्या अंगठ्याने आपण नेमकं काय कबूल केलं ते तेव्हा हर्षाच्या डोक्यात उतरलं. कौशल्या म्हणजे मीच, असं तिने सांगितलं होतं. ते ऐकून घेणारं कोणी होतं. कौशल्या जर हर्षा, तर मग हर्षा कोण? मयुरी घरात झोपली होती.

ती मागच्या दारातून धावली. धावली म्हणजे पाय उचलायला लागली, पण गुडघे कधी नव्हे ते दुखत होते आणि अंगण संपता संपत नव्हतं. ओट्यावर मंदाबाई सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. हर्षाला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. घरच्या सुनेला पाहून कोणती सासू पदर सारखा करते?

"आई, मयुरी कुठी हाये? मयुरी उठली का?"

"काय काम होतं बाई?" मंदाबाईंनी अदबीने विचारलं. "सेंटर तं आता बंद झालं. उद्या सकायी या."

"आई... मी हर्षा."

मंदाबाई जराशा हसल्या, बहिऱ्या माणसाशी बोलताना हसतात तशा. मग आवाज चढवून सावकाश म्हणाल्या, "हर्षा घरात हाये. पोट्टीची येनी घालून राह्यली. तुमी या वयात कायले एवढी पायपीट केली, माय? कोनाजवळ कागद पाठवून द्याचे असते."

हर्षाने खाली पाहिलं नाही. आपले हात, आपली बोटं, मोबाईल धरलेली मूठ, यातलं काहीही पाहायचं नाही असं तिने ठरवलं. ती फक्त दाराकडे पाहत राहिली. दार उघडं होतं. आतून आवाज येत होता, ओळखीचा, रोजचा, तिचा स्वतःचा. "हलू नको वं मयू... एकच पेड राह्यला..." आणि मयुरी हसत होती. कंगवा दुखला की मयुरी रडते, पण आज ती हसत होती.

"मयुरी!" हर्षाने हाक मारली. आवाज घोगरा आला. "मयू... बाहेर ये बाळा..."

आतला आवाज थांबला. छोटी पावलं वाजली आणि मयुरी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या, कपाळावर काळी तीट. तिने हर्षाकडे खूप वेळ पाहिलं. चेहरा, मग पाय, मग पुन्हा चेहरा. गजेंद्र चुकेल, सासू चुकेल, सगळी आंजी चुकेल, पण नऊ महिने पोटात राहिलेलं हे लेकरू चुकणार नाही, एवढंच आता तिच्यापाशी उरलं होतं.

"मयू, सांग आजीले," ती कशीबशी म्हणाली. "मी कोन?"

मयुरीच्या डोळ्यात काहीतरी हललं. ओठ उघडले. तिने एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलंही. मग नव्या माणसासमोर लेकरं बुजतात तशी ती बुजली, मान वळवून घरात पाहिलं आणि विचारलं,

"आई... इले आत येऊ देऊ का?"

मंदाबाईंच्या सुपातली तूर थांबली.

"नाई," हर्षाचा आवाज आतून म्हणाला.

मयुरीने पाऊल मागे घेतलं आणि शहाण्या मुलीसारखं दोन्ही हातांनी दार ढकललं. दार लागलं. मग आतून वरची कडी सरकली आणि खटकन बसली.

मयुरीचा हात त्या कडीला पोचत नव्हता. आणि आतला आवाज अजून लांबून, मागच्या खोलीतूनच मयुरीला बोलावत होता. सेंटरमधली खुर्चीही अशीच, हात न दिसता सरकली होती.